छातीवर टेकवायचं मॅग्नेट

कोंडाजी ओझरच्या विमान कारखान्यात लेथवर टर्नर होता. हात असा तयार, की केसाएवढा फरक बोटानं ओळखायचा. त्याच हातानं त्यानं सगुणाबाईला तेवीस वर्षं मारलं. भाजी खारट झाली म्हणून, माहेरचं माणूस आलं म्हणून, कधी उगाच.

पन्नाशीला त्या हातांना कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन. आठ वर्षांत घास तोंडापर्यंत पोचेनासा झाला, उंबऱ्याशी पाय चिकटून बसायला लागले. सगुणाबाई भरवायची, धुवायची, कूस बदलून द्यायची. शेजारणी हळहळायच्या, तेव्हा तीही मान हलवायची. पण मार थांबला होता, आणि त्या आजाराचा तिला कधी राग आला नाही.

२००३ साली मुलानं, महेशनं, बापाला मुंबईला नेऊन ऑपरेशन करवलं. मेंदूत दोन तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी. महिन्याभरानं नाशिकच्या दवाखान्यात बॅटरीच्या कंपनीची हर्षाली नावाची इंजिनिअर आली. तिनं बाहेरून यंत्र लावून आकडे जुळवले आणि कोंडाजीचे हात थांबले. तिनं दिलेल्या कागदावर त्यानं एका दमात गोगलगायीसारखं वेटोळं काढलं. महेशला रडू आवरेना.

निघताना हर्षालीनं सगुणाबाईकडे एक मॅग्नेट दिलं. "काकू, हे छातीवर क्षणभर धरलं की बॅटरी बंद, परत धरलं की चालू. अडचणीपुरतंच वापरा. आणि यांना फ्रीजच्या दाराशी, स्पीकरशी फार जवळ जाऊ देऊ नका."

"बंद पडलं तर काय व्हतं?"

"सगळं परत येतं, काकू."

अकराव्या दिवशी चहा गार आहे म्हणून कोंडाजीनं तिच्या कानाखाली वाजवली. हात जराही थरथरला नाही.

दुपारी तो खाटेवर पडला होता. चादर सारखी करावी तसं तिनं मॅग्नेट त्याच्या छातीला टेकवलं. त्याच्या ध्यानात येईपर्यंत अंगठा नाचायला लागला होता. मग हात, मग हनुवटी. उठायला गेला आणि खाटेवरून खाली आला.

"सगुणा, लाव ते."

"लावते. चहा ठेवलाय, तेवढा पिऊन घेते."

ती त्याच्यासमोर बसून सावकाश चहा प्याली. मग त्याला चालू केलं.

पुढं त्यानं आवाज चढवला की ती बंद करायची. नंतर नुसतं रोखून बघितलं तरी. नंतर तर तिला कारणही लागेना. तो भुईवर पडून धडपडायचा आणि ती डाळ निवडत बघत राहायची. आपल्याला हे आवडतंय, हे तिला कळत होतं.

चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. हर्षाली यंत्राकडे बघत राहिली. "काका, बॅटरी एकशे बारा वेळा बंद झालीय. कशी?"

सगुणाबाईनं मॅग्नेट असलेली पिशवी पोटाशी ओढली. कोंडाजीनं बायकोच्या पिशवीकडे बघितलं. खरं बोललो तर घरी काय होईल, याची त्याला धास्ती होती.

"फ्रीजमुळं व्हत असंल," तो म्हणाला.

"मग मॅग्नेटनं बंद होण्याची सोयच काढून टाकते. आता कशानंही बंद पडणार नाही." तिनं दोन बटणं दाबली. "झालं."

नाशिकच्या सीबीएस स्टँडवर ओझरच्या बसची वाट बघताना कोंडाजीनं सगुणाबाईच्या पिशवीत हात घातला, मॅग्नेट काढलं आणि स्वतःच्याच छातीवर धरलं. दोघंही त्याच्या बोटांकडे बघत उभी राहिली. एक बस आली, भरून गेली. बोटं हलली नाहीत.

"ठेव," म्हणत त्यानं ते तिच्या हातात दिलं.

घरी आल्यावर त्यानं आतून कडी लावली, तिचा उजवा हात आतल्या खोलीच्या चौकटीवर धरला आणि दार लोटलं. दोन बोटं मोडली. दवाखान्यात त्यानंच सांगितलं, ही मोरीत घसरली. तिनं मान हलवली.

रविवारी महेशचा फोन आला. तिनं डाव्या हातानं रिसीव्हर धरला.

"आई, बाबांचे हात कसे आहेत आता?"

खुर्चीत बसून कोंडाजी तिच्याकडे बघत होता.

"लय चांगले झाले," ती म्हणाली, आणि मग महेश नातवाच्या शाळेचं सांगायला लागला, ते ती ऐकत राहिली.