परसातला घेवडा

प्रयोगशाळेत ती कडधान्यांतले धातू तपासायची. बाजारातल्या एखाद्या नमुन्यात शिसं सापडलं की तिला हायसं वाटायचं, आपल्याकडे घरचा घेवडा आहे. सासऱ्यांनी परसात लावलेला. बॅटऱ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच उद्योग होते, वेल आणि नात.

नात चार वर्षांची झाली तरी जेमतेम बोलायची. सारखी पोट धरून बसायची. चेहरा पांढराफटक. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे. घेवड्यात लोह असतं, हे सुनेनंच कधीतरी सांगितलेलं. सासऱ्यांनी चंगच बांधला. रोज दाणे शिजवून, घोटून, नातीला मांडीवर घेऊन भरवायचे. "खा गं माझे बाई. गाल कसे लालबुंद होतात बघ."

एकदा कामावर तुलनेसाठी स्वच्छ नमुना हवा होता, म्हणून तिनं घरचेच मूठभर दाणे नेले. दळले, आम्लात विरघळवले, यंत्राला लावले. लोह भरपूर निघालं, जस्तही. आणि शिसं, बाजारातल्या कुठल्याही नमुन्याहून जास्त. भांडं नीट धुतलं गेलं नसेल, असं वाटून तिनं सगळं पुन्हा केलं. आकडा हलला नाही.

ती घरी आली तेव्हा सासरे परसात वाळक्या शेंगा बडवत होते. नात शेजारीच धुळीत बसून टरफलं उडवत होती. तिनं आधी मुलीला उचललं.

"बाबा, ही माती कुठून आणली होती?"

"कारखान्यातून. भट्टीमागचं आवार खणलं तेव्हा दोन गाड्या टाकून घेतल्या, फुकटात. का गं?"

तिनं सांगितलं.

"पण लोह आहे ना त्यात?"

"आहे. पण शिशानंच तिचं रक्त कमी होतंय, बाबा."

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. "म्हणजे ती पांढरी पडत गेली, तसतसा मी तिला आणखी..."

तिनं मुलीच्या मुठीतलं टरफल काढून घेतलं.

मुलीच्या रक्तातही शिसं निघालं. औषधांनी पोटदुखी थांबली, गालांवर रंग आला. बोलण्याबद्दल मात्र डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "मेंदूचं नुकसान झालंय ते भरून यायचं नाही. शिकवत राहा. थोडंफार येईल."

घेवडा दर हंगामात शेजारीही जायचा. शेजाऱ्यांची सून गरोदर होती.

"मी सांगते त्यांना," ती म्हणाली.

"नको. दिला मी, सांगेनही मीच."

शेजाऱ्यानं हसतच दार उघडलं. "या काका! यंदा घेवडा उशिरा?"

सासऱ्यांनी उंबऱ्याबाहेरूनच, एका दमात सगळं सांगितलं. आत उभ्या असलेल्या गरोदर सुनेचा हात पोटावर गेला. शेजाऱ्यानं दार लावून घेतलं.

बाळ धडधाकट जन्मलं, असं दुसऱ्यांकडून कळलं. दाखवायला कुणी आणलं नाही. पलीकडून रडण्याचा आवाज आला की सासरे हातातलं काम थांबवून ऐकत राहायचे. बाळ बोलायला लागेपर्यंत खरं काय ते कळणार नव्हतं.