एकदा दाबलं की तयार

आवाज पकडून ठेवायला शिकला तेव्हाच माणूस खऱ्या अर्थाने अमर झाला, त्याआधीची सगळी संस्कृती म्हणजे पाटीवरची ओली अक्षरं, असं डेसिबलचं ठाम मत आहे. हे मत त्याने मांडलं तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे ते खालच्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. न्हाणीघरातला नळ वाहतोय, तो बंद करा, असं त्याची बायको मघापासून ओरडत होती, ते मात्र अमर माणसाला ऐकू आलं नाही. पाणी बैठकीच्या खोलीत आलं तेव्हा त्याने ते आधी रेकॉर्ड केलं आणि मग पुसलं.

डेसिबल हे अर्थातच पाळण्यातलं नाव नव्हे. तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवायचा आणि "आता दिसतंय का नीट?" असं विचारायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. पण जीव अडकलेला असतो तो खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरमध्ये. साबणाच्या वडीएवढं यंत्र, वर गोगलगायीच्या शिंगांसारखे दोन माइक. अशी यंत्रं त्याच्याकडे चार आहेत. त्याचा जिवलग मित्र दातांचा डॉक्टर आहे आणि त्याच्याकडे पाच आहेत, म्हणून मैत्रीत अलीकडे थोडा ताण असतो.

हे दोघं आणि त्यांच्या मंडळातले आणखी काही समदुःखी दर आठवड्याला डॉक्टरच्या दवाखान्यातल्या बाकांवर जमतात. जमलेले असतात संगीताच्या वेडाने, पण चर्चा चालते शांततेची. कुठलं यंत्र स्वतः किती कमी खरखरतं हे ठरवायला ते रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग लावतात आणि डोळे मिटून बसतात. थोड्या वेळाने कोणीतरी "वा!" म्हणतो. बाकीचे त्याच्याकडे रागाने बघतात, कारण शांतता अजून समेवर आलेली नसते.

अशा या माणसाला एका सकाळी ताईने स्वतःहून फोन केला.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. घरीच गाणं शिकवते. तिच्यासमोर सा लावायला बसलेली मुलं आता केस काळे करायच्या वयाला आली आहेत. पण तिच्या आवाजाचा एक तुकडादेखील कुठे साठवलेला नाही. लग्नाआधी कोणीतरी तिला तिचाच आवाज टेपवर ऐकवला होता. तो ऐकून ती जी उठली, ती पुन्हा कुठल्याही माइकसमोर बसली नाही. भावाला हे शल्य इतकं बोचायचं की शेजाऱ्याच्या स्कूटरचं सोळा वेगवेगळ्या ठिकाणांहून रेकॉर्डिंग करूनही ते जाईना.

आता तिच्या घशात गाठ निघाली होती. गाठ साधीच आहे, काढली की संपलं, असं सर्जन म्हणाले. आवाज राहील का, यावर ते म्हणाले, "राहील की. कोणता, ते आत्ता सांगता येणार नाही." ऑपरेशन मंगळवारी होतं. तोवर बोलणं बेताचं, गाणं शक्यतो नाहीच.

"शक्यतो नाही म्हणजे एकदा चालेल," ताई फोनवर म्हणाली. "आईचं ते गाणं म्हणेन. पोरीने धोशाच लावलाय. रविवारी सकाळी ये तुझं डबडं घेऊन. एकदाच म्हणेन. आणि डबडंही एकच आण. मला पत्रकार परिषद घ्यायची नाहीये."

आईचं गाणं आईने स्वतःच रचलेलं होतं. ते अख्खं फक्त ताईला येत होतं. डेसिबलला मुखडा येत होता, तोही ताईच्या मते येत नव्हता. म्हणजे मंगळवारनंतर ताईचा गळा नेमका कुठे असेल ते सांगता येत नव्हतं, आणि गाणं तर त्या गळ्यातच राहायला होतं.

एकच यंत्र न्यायचं, तर कोणतं? आठवडाभर तो दुकानात उजव्या डोळ्याच्या काचा डाव्या बाजूला बसवत राहिला. शेवटी डॉक्टरने मन मोठं करून आपलं पाचवं, सगळ्यात नवं, सगळ्यात कमी खरखरणारं यंत्र देऊ केलं आणि सोबत स्वतःही यायचं ठरवलं. यंत्र एकटं कसं पाठवायचं?

"एक लक्षात ठेव," डॉक्टर म्हणाला. "तुझ्या जुन्या मशीनसारखं हे नाही. हे बटण एकदा दाबलं की मशीन नुसतं तयार होतं. लाल दिवा लुकलुकतो. काटे हलतात, हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतं, पण उतरत काही नाही. दुसऱ्यांदा दाबलं की खरं सुरू. मग दिवा स्थिर."

"अरे, मी काय आज आलोय का या धंद्यात?" डेसिबल म्हणाला, आणि घरी जाऊन ते बटण इतक्या वेळा दोनदा दाबलं की अंगठा आपोआप दोनदा उडायला लागला आणि बायकोने पाहुण्यांसमोर त्याला अंगठा झाकायला सांगितलं.

रविवारी ताईच्या घरात शिरताच दोघांनी आधी घर गप्प केलं. पंखा बंद. भिंतीवरचं घड्याळ उतरवून दोन टॉवेलांत गुंडाळलं आणि कपाटात कोंडलं. डॉक्टरने फ्रिज बंद केला आणि आपल्या गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवल्या.

"अहो, किल्ल्या भाज्यांमध्ये कशाला?" ताईने दबक्या आवाजात विचारलं.

"म्हणजे फ्रिज सुरू करायला विसरून घरी जाता येत नाही. आमच्यात सगळे असंच करतात."

"शिकलेली माणसं तुम्ही," ताई म्हणाली.

डेसिबलने यंत्रावर वाऱ्याची केसाळ टोपी चढवली. खिडक्या बंद होत्या, वारा नव्हता, पण टोपी नवी होती. ताईने त्याकडे बघून हे मांजर चावतं का असं विचारलं. मग तिला लाकडी खुर्चीत बसवून सांगण्यात आलं की खुर्ची कुरकुरते, तेव्हा हलायचं नाही. भाचीला भिंतीशी बसवलं. डॉक्टर जिन्याच्या दाराशी उभा राहिला, कारण वरच्या मजल्यावरची मंडळी उतरली तर त्यांना थोपवायला दातांचा डॉक्टरच हवा.

"आधी खोलीची शांतता घेऊ," डेसिबल म्हणाला.

"काय घेऊ?" भाचीने विचारलं. "मामा, इथे काय कमी शांतता आहे?"

"प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मागाहून सांधे जुळवायला लागते. मी हात वर करेपर्यंत कोणी हलायचं नाही."

त्याने बटण दोनदा दाबलं. दिवा स्थिर झाला. दाराशी डॉक्टरने मान डोलावली. चौघं श्वास रोखून बसले आणि ती शांतता, मंडळाच्या कुठल्याही कसोटीला उतरेल अशी, नितळ, बिनखरखरीची, यंत्रात जमा झाली. डेसिबलने हात वर केला आणि यंत्र थांबवलं.

मग त्याने गाण्यासाठी बटण एकदा दाबलं. दिवा लुकलुकू लागला. "ताई, नुसता एक आ-कार दे. लेव्हल बघतो. मी खूण केली की मग..."

पण गाणारी माणसं खुणांसाठी थांबत नाहीत. ताईने आ-कार लावला, तो तिला बरा लागला असावा, आणि त्यातूनच ती थेट गाण्यात शिरली.

हेडफोनमधून तो आवाज डेसिबलच्या दोन्ही कानांत असा उतरला की त्याला आपल्याला अंगठा आहे याचाच विसर पडला. काटे सुरेख हलत होते. फार वर नाही, फार खाली नाही. आवाजाला दुखऱ्या घशाची किंचित खरखर होती, ती ताई अशी वापरत होती की गाठही गाण्याचाच भाग वाटावी. डेसिबलने डोळे मिटले.

डॉक्टरचे डोळे मात्र उघडे होते. दाराशी उभ्या उभ्या त्याला लाल दिवा दिसला. लुकलुकणारा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चालू गाण्यात कोणी जागचं हलायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, हा मंडळाचा नियम त्यानेच केलेला. तो मोडून ओरडावं, तर ताई थांबणार आणि पुन्हा म्हणणार नाही. न ओरडावं, तर हे सगळं हवेत चाललंय. त्याने हातवारे केले. डेसिबलने डोळे उघडले, तेव्हा डॉक्टर मूठ उघडत होता, मिटत होता आणि पापण्यांची जोराने उघडझाप करत होता.

मित्राला रडू आवरत नाहीये हे पाहून डेसिबललाही भरून आलं. त्याने प्रेमाने मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले.

डॉक्टरने मग हवेत अंगठा दाबून दाखवला. भाचीला वाटलं, काका वाहवा करताहेत. तिनेही अंगठा दाखवला. गाणं पहिला अंतरा ओलांडून दुसऱ्यात गेलं. डॉक्टरच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला, आणि तो जमिनीवर पडला तर आवाज होईल म्हणून त्याने तो हाताने झेलला.

ताई शेवटच्या ओळीवर आली, तेव्हा कुठे डेसिबलने सवयीने वेळ किती झाला ते पाहिलं. पडद्यावर शून्य होतं. शेजारी शून्य. त्याच्याही शेजारी शून्य. आपल्या चष्म्याचा नंबर वाढला असावा या आशेने त्याने चष्मा वर केला. शून्यच. मग दिवा दिसला. अंगठा हलेचना. अखेर तो हलला, बटण दाबलं गेलं, दिवा स्थिर झाला आणि त्याच क्षणी ताईचा शेवटचा सूर विरून गेला.

मामा हात वर करेपर्यंत गप्प बसायचं, असं ठरलं होतं. भाची डोळे पुसत गप्प बसली. ताई खुर्चीत न हलता बसली. मामा हात वर करेना. हात वर केला की बोलावं लागणार होतं. जोवर हात खाली होता, तोवर जगात फक्त त्याला आणि डॉक्टरला हे माहीत होतं. हात मांडीवर ठेवून तो उरलेलं आयुष्य तसंच काढायला तयार होता.

"अरे," शेवटी ताई म्हणाली, "श्वास घेऊ का?"

"ताई," डेसिबल म्हणाला. "उतरलं नाही."

"काय उतरलं नाही?"

"गाणं. मी एकदाच दाबलं. दोनदा दाबायचं होतं."

"मग त्याआधीची ती खोलीची शांतता?"

"ती उतरली. उत्तम उतरली."

ताईने आधी भावाकडे पाहिलं, मग केसाळ टोपीकडे. मग सर्जननी बेताने वापरायला सांगितलेला घसा तिने बाजूला ठेवला.

"शांतता उतरली! अरे गाढवा, शांतता तर मला मंगळवारी दवाखान्यात फुकट मिळणार आहे! लहानपणापासून तुझं हेच. आई म्हणायची पाणी तापलं का बघ, तर हा थर्मामीटर बुडवून बसायचा, खाली गॅस पेटलाय का ते बघायचा नाही! लोकांच्या नाकावर चष्मे ठेवतोस, तुझ्या डोळ्यांत काय गारगोट्या आहेत? दिवा एवढा डोळे मिचकावतोय! आणि हे तुमचे डॉक्टर, तेही मिचकावतायत!"

"ताई, मी सांगत होतो..." दारातून डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तोंड लोकांचं उघडायचं असतं, तुमचं नाही."

"आई, घसा," भाची कळवळून म्हणाली.

"राहू दे घसा! या मामाला गाण्याची किंमत असती तर मुखडा तरी शिकला असता. 'उंबऱ्याशी ऊन आलं' म्हणतोस आणि 'आलं'वर थांबतोस, पाहुणा दारात चपला काढत उभा राहावा तसा. आई कधी थांबली तिथे? आई अशी जायची..."

आणि रागाच्या भरात ती म्हणून गेली. मघासारखं जपून नाही. समोर चुकणारं पोर बसलंय आणि त्याचं चुकणं आता सहन होत नाही, अशा आवाजात. 'ऊन आलं'वरून न थांबता ती पुढच्या ओळीत शिरली, तिथून अंतऱ्यात, एक हात मांडीवर आपटत, "ऐकतोयस का? असं!" असं मध्येच ओरडत. अंतऱ्याच्या अर्ध्यावर खोकला आला. तिने पुन्हा सूर लावून पाहिला. नुसतीच हवा आली. तिने हात हलवला. संपलं.

भाची पाणी आणायला धावली. डेसिबल मान खाली घालून बसला होता. डॉक्टर मात्र नियमबियम मोडून पुढे आला, वाकला, यंत्राकडे बोट दाखवलं आणि तोंडातून कसाबसा शब्द काढला, "स्थिर."

दिवा स्थिर होता. मघाशी उशिरा दाबलेलं बटण दाबलेलंच होतं.

यंत्र भाचीच्या स्पीकरला जोडताना डेसिबलची वायर तिसऱ्या खेपेला भोकात गेली. गाण्याऐवजी पुन्हा शांतताच निघाली तर? आणि आधी शांतताच निघाली, लांबलचक, त्याने हात वर न केल्याची. डॉक्टरला सवयीने "वा" म्हणावंसं वाटलं, पण तो जिवाला भ्याला. मग स्पीकरमधून "श्वास घेऊ का?" आलं, मग गाढव आलं, थर्मामीटर आला, गारगोट्या आल्या, एकेक गारगोटी वेगळी मोजता यावी इतक्या स्वच्छ. आणि मग खोलीभर ताई गायला लागली.

भाची आईच्या पायाशी बसून ऐकत होती. "मामा, एक अक्षर कापायचं नाही," ती म्हणाली. "शिव्यांसकट दे." खोकल्याशी गाणं तुटलं तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

ताई पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून ऐकत होती. लग्नाआधीच्या त्या टेपनंतर आज प्रथमच ती स्वतःचा आवाज ऐकत होती, आणि या खेपेला उठून गेली नव्हती. गाणं दुसऱ्यांदा 'ऊन आलं'वर न थांबता पुढे गेलं. डेसिबल तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता ती काय म्हणेल, या विचाराने त्याचा जीव टांगणीला लागला होता. तिने बोटाने त्याला जवळ बोलावलं. तो गुडघ्यावर बसला आणि आपला कान तिच्या तोंडाशी नेला, कारण आता तिच्या गळ्यातून फक्त कुजबुज निघत होती.

"अरे," ताई म्हणाली, "आवाज जरा कमी कर."