नेहमीसारखं

ठिपका तांबडा होता, बाकीच्यांपेक्षा मोठा — साहेबांच्या टेबलावरच्या कागदावर, बरोबर मधोमध, आणि चहूबाजूंनी बारीक रेघा त्याच्याकडे येत होत्या. हा ठिपका म्हणजे तुम्ही, असं साहेब काल संध्याकाळी म्हणाले होते, आणि आत्ता तपासणीच्या टेबलाशी बसून एकेका कुलपात किल्ली फिरवून बघताना तिच्या डोळ्यांपुढे तोच होता. मागे बाहेरची काही माणसं कारखान्यात येऊन गेली होती, प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारत होती, काही कानावर आलं तर खरंखोटं कुणाला विचारता? माईंना, म्हणजे तिलाच — पॉलिशवाल्यांनी सांगितलं, स्प्रिंगा बसवणाऱ्यांनी सांगितलं, गेटवरच्या वॉचमननंसुद्धा, आणि त्या उत्तरांच्याच या रेघा. घरात रंग कुठला लावायचा हे कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि इथं... अंगावर मूठभर मांस चढलं होतं तिच्या, खोटं कशाला बोला.

ठिपका दाखवून झाल्यावर काल साहेबांनी दार लोटून घेतलं. वयानं तिच्या धाकट्या भावाएवढे, बोलायला गोड. मोठी ऑर्डर गेली की पॉलिशचा विभाग बंद, म्हणाले, काम बाहेर देणार. पण तोवर तिथलं एकही माणूस हलता कामा नये. आधीच कुजबुज सुरू आहे, लोक दुसरीकडे नोकऱ्या बघताहेत. ते गेले तर ऑर्डर बुडेल आणि मग उरलेला कारखानाही गुंडाळावा लागेल. म्हणजे तुम्हीसुद्धा, बाई. तिनं विचारलं, मग मी खोटं सांगू का लोकांना? तर साहेब हसले.

"छे, तुम्ही काहीच सांगायचं नाही. फक्त चहाला नेहमीसारखं बसा."

म्हणजे तेही त्यांना कळलं होतं! चहाच्या सुट्टीत ती खिडकीखालच्या पालथ्या खोक्यावर बसायची, चपला काढून, पाय वर घेऊन, आणि निवांत फुंकर घालत प्यायची. मालक बदलला त्या वर्षी ती एक दिवस उभ्यानं चहा प्याली, तर कप रिकामा व्हायच्या आत काहीतरी बिनसल्याची बातमी गेटपर्यंत पोचली होती. तेव्हापासून लोक नोटिशीवर विश्वास ठेवत नसत, माई बसल्यात की उभ्या आहेत ते बघत. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं. कुणाच्या तोंडून गेलं असेल साहेबांपर्यंत? आणि ज्यानं सांगितलं त्यानं कौतुकानंच सांगितलं असणार...

किल्ली अडकली. तिनं कुलूप बाजूला टाकलं, दुसरं घेतलं.

पॉलिशमध्ये तिची धाकटी जाऊ होती. एक घर, एक स्वयंपाकघर. दिराची कंबर निकामी झाल्यापासून त्याचं सगळं त्या पोरीच्या पगारावर. तिला इस्पितळाच्या धुलाईत काम मिळत होतं, पगार थोडा कमी, पण पक्कं, आणि हो की नाही ते आज दुपारच्या आत कळवायचं होतं. सकाळी हिच्याकडून वेणी घालून घेताना त्या पोरीनं विचारलं होतं, इथलं टिकेल ना हो, ताई? आणि ही म्हणाली होती, बघू. बघू! सांगून टाकायला काय झालं होतं? पण त्या पोरीच्या पोटात काही राहत नाही. तिला सांगणं म्हणजे अख्ख्या पॉलिशला सांगणं, आणि मग ऑर्डर, कारखाना, माझी नोकरी — दोन्ही पगार एकदम गेले तर एवढ्या घरानं खायचं काय? हे खरंच होतं. खरं होतं म्हणूनच तिला त्याचा आधार वाटत होता, आणि आपल्याला असा आधार लागतोय याची तिला लाज वाटत होती.

घंटा होईतो तिचं ठरलं. बोलायचं नाही, काल मान हलवून साहेबांना शब्द दिलाय. नुसतं उभं राहायचं, समजायचं ते समजतील.

चहा घेऊन ती खिडकीशी आली. कुणी सरळ बघत नव्हतं. कुणी हात पुसत होतं, कुणी कुणाशी थट्टा करत होतं, पण सगळ्यांचे डोळे तिच्या पायांवर होते हे तिला न बघताही कळत होतं. ती उभी राहिली, एक घोट घेतला. समोर स्प्रिंगवाला म्हातारा बोलता बोलता गप्प झाला. त्याच्यामागचे दोघे गप्प झाले. गुडघे दुखत होते तिचे... केबिनच्या काचेपलीकडे साहेब फोनवर बोलत होते, तिच्याकडे पाठ करून. आणि चपला निघाल्या, पाय वर गेले. आपोआप? नाही. मी काढल्या. उगाच गुडघ्यांचं नाव कशाला?

म्हातारा पुन्हा बोलायला लागला. जरा वेळानं जाऊ आली, हातात फोन, आणि तिला खेटून खोक्यावर बसली.

"नाही म्हणून कळवलं त्यांना."

"इतकी घाई कशाला केलीस?"

"तुम्ही बसलात ना."

अजून दुपार व्हायची होती. पुन्हा फोन करता येत होता, एक वाक्य पुरे होतं, आणि ते तिच्या जिभेवर आलंही होतं. पण पोरीनं खांद्यावर डोकं टेकलं, कित्येक दिवसांनी नीट श्वास घेतला आणि दिराला नवा पट्टा घ्यायचं बोलू लागली. कुणीतरी विनोद केला, पॉलिशवाले मोठ्यानं हसले. ती एकेकाचा चेहरा बघत राहिली. कुणाच्या कपाळाला आठी नव्हती. एवढी माणसं उगाच का निर्धास्त असतील, तिच्या मनात आलं. काहीतरी ठाऊक असेल त्यांना, साहेबांचंही अजून नक्की नसेल... आणि ती चहावर फुंकर घालू लागली.