खाचेतलं पॉलिश

लेकीने मागवलेली इलेक्ट्रिक गिटार सुट्ट्या भागांत आली. धड वेगळं, मान वेगळी, वायरी आणि स्क्रू पुड्यांत. ती नर्स आहे. तिच्या इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या निरोपाला ही वाजवणार होती. अकरा वर्षांनी.

"बाबा, पॉलिशचं तुम्ही बघा, वायरींचं मी बघते," म्हणाली.

माझी चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश करण्यात गेली. धडाला सात हात दिले. आमच्या उस्तादांची शिस्त अशी, की कपाटाची पाठ भिंतीकडे जाणार असली तरी तिलाही पॉलिश मारायचं. म्हणून मान बसायची खाचही मी सातदा रंगवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी ती ड्युटीवरून आली आणि पाय सुजलेले असतानाच जोडणीला बसली. मान खाचेत जाईना.

"बाबा, कागदावर लिहिलंय की, खाचेत रंग लावू नका!"

"वाचलं नाही."

"मग म्हातारपणी मी वाचायला शिकवलं कशाला तुम्हाला?"

"पेपर वाचायला. कामाचं काय वाचायचं?"

ती हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "जाऊ दे. सांगते सिस्टरना, बोट कापलं, वाजवता येणार नाही म्हणून."

ते मला लागलं. पटाशी घेऊन खाच खरवडायला लागलो. हात हल्ली थरथरतो. पटाशी घसरली आणि दर्शनी बाजूचा तांदळाएवढा टवका उडाला.

"द्या इकडे. तुम्ही नुसतं धरा."

माझं हत्यार मी कधी कुणाला दिलं नव्हतं. दिलं. दोन्ही हातांनी धड टेबलावर दाबून धरलं.

"हळू. लाकूड दिसलं की थांब. तो कोपरा राहिला."

"धरा म्हटलं बाबा, बोला नाही म्हटलं."

मान बसली. स्क्रू आवळले, वायरी जोडल्या, तारा चढवल्या. तिने एकदाच बोटं फिरवली. स्पीकरला जोडलेली नसल्याने आवाज इवलासाच आला, पण सूर लागला होता.

"टवक्याला रंग लावू?"

"नको, वाळायचा कधी? चारला उठवा मला, सराव करायचाय." आणि ती तिथेच चटईवर झोपली.

पाठ मोडून आली होती, आडवं व्हावंसं मलाही वाटत होतं. पण उठवायला कुणीतरी जागं हवं, म्हणून खुर्चीतच बसून राहिलो.