हिरव्या काठाची बॅटरी

ज्वारी काढायला निलमनं कोठी जराशी कलती केली आणि दुपारच्या सुन्न घरात टक्कन आवाज झाला. कोठीमागच्या फटीतून काहीतरी निसटलं, घरंगळत तिच्या पायाला येऊन लागलं. डोक्याला बांधायची बॅटरी. इलॅस्टिक सैल झालं म्हणून कुणीतरी तिला लुगड्याच्या हिरव्या काठाचा पट्टा शिवला होता. पांढऱ्या दोऱ्याचे मोठमोठे टाके.

ते टाके निलमच्या ओळखीचे होते. शेजारच्या जिवनबाईनं निलमच्याच ओसरीवर बसून, तिच्याचकडून सुई मागून घेऊन ते घातले होते. नवऱ्यासाठी. संतरामआबांना रानाच्या कडेनं शेळ्या घेऊन परतताना अंधार व्हायचा.

तिनं बटण दाबलं. बॅटरी लागली.

चालती वस्तू टाकून देणं तिच्या नवऱ्याला, विश्वंभरला, कधीच जमलं नव्हतं. बंद पडलेला पंखासुद्धा त्यानं माळ्यावर जपून ठेवला होता.

काही दिवसांपूर्वी एका पहाटे तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून आला होता. रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून तो बांधाला उघडी तार बांधायचा आणि रात्री विजेच्या लाईनवर आकडा टाकून तीत करंट सोडायचा. "डुक्कर चिकटलं," तो म्हणाला होता. "रानात पुरून आलो. कुठं बोलू नको, फॉरेस्टवाले केस करतील." तिनं पाणी तापवून दिलं. तो नुसते हातच चोळत बसला. दिवस वर आला तेव्हा गावात कळलं, आबांची चुकलेली शेळी परत आली. तिला शोधायला गेलेले आबा आले नाहीत.

तेव्हापासून विश्वंभर रोज माणसं घेऊन रानात जात होता, सगळ्यांच्या पुढे. टेकडीपलीकडे, सागाच्या गर्दीत. हरभऱ्याच्या बाजूला कधीच नाही. निलमला ते दिसत होतं, आणि ती रोज त्याचा डबा भरत होती.

"निलम, हायेस का गं माय?"

तिनं बॅटरी टोपलीतल्या ज्वारीत खुपसली. वर दोन ओंजळी ज्वारी ओढली. जिवनबाई आत आली, तिच्या हातात दुधाचा तांब्या होता. तिच्या मागोमाग ओसरीत खेळणारी निलमची लेक प्रतिक्षाही आली आणि टोपलीशी फतकल मारून बसली.

"लेकराचं दूध. शेळी देतीय बघ बराबर. तिला काय, धनी असो का नसो."

"बसा ना मावशी."

"बसून काय करू? बिबट्यानं नेलं म्हणत्यात. त्या माणसाच्या अंगात हाय काय बिबट्यानं खावं असं? नुसती हाडं आन तंबाखू." ती हसली आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. "येऊ दे घरी. शेळीच्या दाव्यालाच बांधून टाकते त्याला."

निलमनं तांब्यातलं दूध पातेल्यात ओतलं. तांब्या विसळला. पुन्हा विसळला.

"तुझा नवरा रान पालथं घालून राहिला गं. सख्खा लेक बी करणार न्हाई एवढं. देवानं लई औक्ष द्यावं त्याला."

"मावशी..."

"काय गं?"

खुंटीवर विश्वंभरचा सदरा होता. त्याच्याखाली प्रतिक्षाचा अंगणवाडीचा फ्रॉक, सदऱ्याच्याच बाहीत अडकलेला.

"च्या ठेवू?"

"नगं. जाते." जिवनबाई उठली, पण हलली नाही. "कुंकू लाव. काल पुजाच्या घरी गेले, तिनं करंडा हातात घेतला आन तसाच ठेवून दिला. तू तशी न्हाईस, म्हणून आले."

निलमनं देवळीतला करंडा काढला. हळद लावली. कुंकवात बुडवलेलं बोट जिवनबाईच्या कपाळापर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं. जिवनबाईनं डोळे मिटले होते, लस टोचून घेताना लेकरू मिटतं तसे. निलमनं बोट टेकवलं. चिमूटभर कुंकू नाकावर सांडलं.

"पुसू नको," डोळे न उघडताच जिवनबाई म्हणाली. "नाकावर पडलं की नवरा मया करतो म्हणत्यात."

मग ती सावकाश उंबरा ओलांडून ओसरीत गेली आणि पाठमोरी वाकून चपलेत अंगठा बसवू लागली.

टोपलीतली ज्वारी सळसळली. निलम वळली तेव्हा प्रतिक्षानं हिरवा पट्टा ओढून बाहेर काढला होता. तिनं बटण दाबलं. ओसरीच्या सावलीत उजेडाचा फिका गोल भिंतीवरून सरकत गेला आणि जिवनबाईच्या पाठीवर थांबला.

"आई," प्रतिक्षा म्हणाली, "आबाची बॅटरी तर आपल्या घरी हाय. मग आबा अंधारात घरी कसा येईल?"