मांडवापुरता बरा होणारा पाय

कौंडण्यपूरच्या जत्रेत देवराव कुबडी टाकून चालला आणि बायाबापड्यांचे हात जोडले गेले. पंजाबराव बाबांनी त्याच्या पायावरून नुकताच मोरपिसांचा झाडू फिरवला होता. दोन वर्षांपूर्वी हे बाबा मोबाइलची कव्हरं विकत. आता पाय दुरुस्त करतात.

"पाय चालते तो या मांडवातच," बाबा म्हणाले. "भाईर गेला का संत्र्याच्या शेडची बाधा पुन्हा धरते. शेडवाला भरपाई देईन तवाच सुटन."

बाधेला कोर्टातल्या दाव्याची इत्थंभूत माहिती होती. शेडमध्ये फळांना लावायचं मेण फरशीवर सांडलं, त्यावरून घसरून उजवा पाय कायमचा गेला, असा देवरावचा दावा होता. गेले काही गुरुवार मांडवात हेच चाललं होतं; बाधेच्या धाकानं शेडकडे मजूर फिरकेनात आणि ऐन बहारात माल सडू लागला.

"बेटी, देऊन टाकू पैसे," मांडवाबाहेर उभे असलेले शेडमालक इनायतुल्ला आपल्या वकीलबाईंना, निखतना, म्हणाले. "शेड बंद पडली त मी संपलो."

"थांबा चाचा."

देवराव मांडवाबाहेर आला आणि लगेच पाय फरफटू लागला. बाधा वेळेची पक्की होती. तो चपलांपाशी पोचला तेव्हा निखतनी सहानुभूतीनं विचारलं, "भाऊ, चपला पार झिजल्या. कधीच्या?"

"याच घालून पडलो, बाई. दीड साल झालं. दुसऱ्या घ्याले पैसा कुठी हाय?"

निखतनी त्या उलट्या केल्या. दोन्ही टाचा सारख्याच झिजलेल्या, पुढची टोकं शाबूत. रांगेत अर्धांगवायू झालेल्या मायाबाई उभ्या होत्या. त्यांची डावी चप्पल निखतनी मागून घेतली. तिचं टोक घासून घासून भोक पडलं होतं.

"ह्या मावशी पाय ओढत चालतात," निखत जमलेल्या लोकांना म्हणाल्या. "देवरावभाऊ दीड साल ओढून राहिले, अन् चपलेले खरचटलं बी नाही?"

"चपलेवर बी किरपा हाय," बाबा म्हणाले. मग मात्र लोक हसले, निखतही हसल्या. देवराव कुबडी विसरून, दोन्ही पायांनी, चांगला पळाला. पुढच्या तारखेला त्यानं दावा मागे घेतला.

मायाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "मंग माह्या पायाचं काय? मी सहा गुरवार आली."

निखतना आपल्या हसण्याची लाज वाटली आणि बाबाचा संताप आला. "मावशी, झाडूनं पाय बरा होत नाही. डॉक्टरले दाखवा, व्यायाम करा. कोनी चमत्कार दाखवला का पयले विचारा, हे झालं कसं?"

"अन् डॉक्टरनंबी नाही झाला त?"

"त तो तसं सांगन. खोटं बोलनार नाही. मी येते तुमच्यासंगं."

मायाबाईंनी मांडवाकडे पाठ केली. मग निखतच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी पाय उचलायला सुरुवात केली.