पाचपैकी किती नखं

भुताच्या सिनेमांबद्दल नखवाल्यांची मतं ठाम होती, आणि ती कुणी विचारली नाहीत तरी मिळायची. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला आलेल्या माणसानं नुसतं "काल टीव्हीवर काहीतरी भीतीदायक लागलं होतं" म्हणायचा अवकाश, हातातली फ्रेम बाजूला ठेवून हे सुरू. मध्यंतराच्या आत भुताचं तोंड दाखवलं की सिनेमा मेला. कर्कश वाजवून दचकवणं म्हणजे भीती नव्हे, तो मागून येऊन टपली मारायचा प्रकार झाला. पहिल्या दहा मिनिटांत घरातल्या कुत्र्याला मारणाऱ्या दिग्दर्शकाला पुढे माणसं मारण्याची अक्कल नसते. मालिकांबद्दल तर बोलायलाच नको. तिथे भूत दारात आलं की घरातल्या अकरा जणांचे चेहरे तीन-तीन वेळा दाखवतात, तेवढ्यात भूतसुद्धा कंटाळून परत जाईल.

ही मतं दर पंधरवड्याला एका साप्ताहिकात छापून यायची, आणि नखवाले हे नाव पडलं ते त्यांच्या गुण देण्याच्या पद्धतीमुळे. तारे-बिरे त्यांना मान्य नव्हते. शनिवारी संध्याकाळी पडदे ओढून नवराबायको सोफ्यावर बसायची, बायको डावीकडे. घाबरली की ती त्यांचा हात मनगटाच्या वर घट्ट आवळायची. सिनेमा संपला की हे दिवा लावून कातडीवर किती नखं उमटली ते मोजायचे. एक नख म्हणजे वेळ फुकट. पाच नखं म्हणजे धडधाकट माणसानंही दिवा लावून झोपावं. "समीक्षक खोटं बोलेल, कातडी बोलत नाही," असं त्यांनी पहिल्याच लेखात लिहिलं होतं, आणि वाचकांना ते फार आवडलं होतं.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये सकाळपाळीला होती. एक वाजेपर्यंत चाळीस-पन्नास जणांच्या शिरा शोधून घरी यायची. दिवसभर खरं रक्त बघणारी बाई पडद्यावरच्या खोट्या रक्ताला घाबरते कशी, असं लोक विचारत, तेव्हा नखवाले खुलायचे. भीती रक्ताची नसतेच मुळी, म्हणायचे. भीती वाट बघण्याची असते. यावर त्यांनी एक अख्खा लेख लिहिला होता.

त्या मंगळवारी दुकानातलं काच घासायचं यंत्र बंद पडलं आणि ते दुपारी तीनलाच घरी आले. किल्ली लावून आत शिरले, तर बैठकीच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला, दाराच्या बिजागरीचा, लांबलेला. बायको पाठमोरी बसून लसूण सोलत होती. समोर टीव्हीवर जिन्याच्या अंधारातून एक हात बाहेर येत होता. हा येत्या शनिवारी दोघांनी मिळून बघायचा सिनेमा होता. हात बाहेर आला, किंकाळी झाली, आणि बायकोनं पाकळीचं साल शांतपणे काढून ताटलीत टाकलं. मग तिनं रिमोट दाबून सिनेमा थांबवला आणि शेजारच्या चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. तेवढ्यात तिकडे गॅसवर काहीतरी उतू गेलं म्हणून ती पळाली.

नखवाल्यांनी चिठ्ठी वाचली. '२३: आरसा. ४१: मांजर, फुसकं. ५८: जिना, इथे घट्ट.'

आले तसे ते बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसले. राग नंतर आला. आधी नुसतं वाईट वाटलं, फार वाईट, आपल्यामागे सगळे जण हसत असल्यासारखं. तरी मन मानेना. काहीतरी कारण असेल, ती आपण होऊन सांगेल, असं म्हणून त्यांनी तिला तीन दिवस दिले. शुक्रवारी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलंही.

"उद्याचा तू आधी पाहिला नाहीस ना कुठे?"

"छे हो! एकटीनं बघायची हिंमत आहे का माझी?" ती म्हणाली, आणि त्यांना भाजी वाढली.

शनिवारी सहाला पडदे ओढले गेले. नखवाल्यांनी त्या दिवशी सिनेमा पाहिलाच नाही, पडद्याखालचे मिनिटांचे आकडे पाहिले. तेविसाव्या मिनिटाला दोन नखं रुतली. एकेचाळीसला नुसता स्पर्श. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला जिना आला, आणि पाचही नखं अशी रुतली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत ती नखं त्यांना कधी दुखली नव्हती.

त्यांनी सिनेमा थांबवून दिवा लावला.

"जिना, इथे घट्ट," ते म्हणाले.

तिच्या लगेच लक्षात आलं. तिनं हात काढून घेतला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे? लग्नानंतरचा पहिला सिनेमा? अगं, माझ्या खांद्यात तोंड खुपसून थरथरत होतीस तू!"

"हसत होते," ती हळूच म्हणाली. "त्या हडळीच्या कानामागे पांढरा रंग लावायचा राहिला होता. मला आवरेना. तुम्ही इतके रंगला होतात, वाईट दिसेल म्हणून तोंड लपवलं. तर तुम्ही पाठीवरून हात फिरवलात. म्हणालात, मी आहे ना."

ही गोष्ट नखवाल्यांनी किती जणांना सांगितली होती! बहिणीला, मेहुण्याला, दुकानातल्या अर्ध्या गिऱ्हाइकांना. संसारात पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, ती हीच संध्याकाळ.

"मला एकदम काही दिसलं की हसूच येतं हो," ती म्हणाली. "म्हणून आधी बघून ठेवते. आणि एरवी तुम्ही कुठे हात धरता?"

"केसानं गळा कापलास माझा. लोक विश्वास ठेवतात माझ्यावर! त्यांना काय सांगू आता? कुठे दाबायचं ते बायको चिठ्ठीवर लिहून ठेवते?"

"गुण चुकीचे नव्हते पण," ती कळवळून म्हणाली. "फुसक्याला मी कधी दोनाच्या वर दिले नाहीत."

हे तिनं समजूत काढायला म्हटलं होतं. नखवाल्यांना मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे इतकी वर्षं समीक्षा तिनं केली, आणि यांनी मोजणी.

"मग तू कधी घाबरतेस तरी का? खरंखरं?"

"घाबरते ना. तुमच्या गळ्याला गाठ आली होती तेव्हा घाबरले होते."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरांच्या दाराबाहेर दोघं बाकावर बसली होती. मध्ये वीतभर जागा. रिपोर्ट आत होता. तिनं दोन्ही हात काखेत घातले होते आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. गाठ साधी निघाली, पण त्या वीतभर जागेचं शल्य नखवाल्यांच्या मनात तसंच राहिलं होतं. बहिणीला ते म्हणालेही होते, हिला काही वाटलं नाही, हिला हे रोजचंच.

"तेव्हा तू माझा हात धरला नाहीस," ते म्हणाले.

"खरी घाबरले की हात गार पडतात माझे. मढ्यासारखे. तसला हात तुमच्या हातात देऊन तुम्हाला आणखी भिववू?" तिचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही तरी कुठे धरलात?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. पाण्याचा पेला घेऊन आली, एक घोट घेतला, पेला तिपाईवर ठेवला आणि पुन्हा त्यांच्या डावीकडे बसली, या वेळी मध्ये जागा सोडून. टीव्हीवर जिन्यातला हात अर्धवट बाहेर आलेला तसाच थांबला होता.

"आता काय करणार आहात?" तिनं विचारलं.

नखवाल्यांनी आपणहून हात पुढे केला आणि तिचा हात धरला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

हात गार होता, पार बोटांच्या टोकांपर्यंत. क्षणभर त्यांना भरून आलं. मग त्यांची नजर तिपाईवर गेली. पाणी फ्रीजमधलं होतं, पेल्याला बाहेरून घाम फुटला होता. आणि तो पेला तिनं कुठल्या हातात धरून आणला होता, हे ते आठवू लागले.